उंदीर बरा झाला, पुढे काय?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातलं भाषण. पडद्यावर दाखवलेली चित्रं इथे देता येत नाहीत, म्हणून काही वाक्यं वाढवली आहेत.)



संयोजकांनी मला 'आयटीतल्या संधी' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. आपण सगळे पंचेचाळिशीला टेकलो आहोत. संधी आता आपल्या मुलांना हव्यात, आणि ती मुलं काही आपलं ऐकत नाहीत. म्हणून मी विषय बदलून मागितला.

गेल्या दिवाळीत आपल्या ग्रुपवर एक कात्रण फिरलं. मथळा होता, यकृताचा कर्करोग उंदरांमध्ये बरा. माझं काम यकृताच्या स्लाइडशी संबंधित आहे हे तुमच्यातल्या काहींना ठाऊक आहे, त्यामुळे त्या संध्याकाळी मला चार फोन आले. तीन कुतूहलाचे होते. चौथा आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचा होता. तिच्या नवऱ्याला हाच आजार आहे. ती म्हणाली, "अगं, हे औषध कुठं मिळतं तेवढं सांग. पैशाचं आम्ही बघू." औषध बाजारात आलेलं नाही, हे तिला सांगायला अर्धं मिनिट पुरलं. पण तो उंदीर कोण होता, त्याला कॅन्सर कुणी आणि कसा दिला, आणि त्याच्या बरं होण्याचा आपल्या माणसाशी संबंध किती, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आज ते सांगते. तिच्या संमतीनेच सांगते आहे.

आधी माझं काम. मी डॉक्टर नाही, जीवशास्त्रज्ञही नाही. इंजिनिअरिंग केलं आणि वीसेक वर्षं प्रोग्रॅम लिहिते आहे. गेली सात वर्षं आमची छोटी टीम सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांचं सॉफ्टवेअर बनवते. प्रयोगशाळा उंदराच्या यकृताचे अगदी पातळ काप करतात, ते जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवतात आणि स्कॅन करतात. एका कापाची फाइल सहज एक जीबीच्या वर जाते. त्यात गाठीने किती जागा व्यापली, चरबीचे थेंब किती, व्रणाचे धागे किती, हे आमचा प्रोग्रॅम मोजतो. कुठल्या उंदराला औषध दिलं होतं आणि कुठल्याला नुसतं पाणी, हे मोजणी संपेपर्यंत आम्हाला कळू देत नाहीत. तसं ते कळू नयेच.

दुसरं कारण घरचं. माझ्या वडिलांना हिपॅटायटिस बी आहे. रक्तदान करायला गेले तेव्हा कळलं. तोवर त्यांना कधी कावीळ झाली नव्हती, काही दुखलं नव्हतं. आता रोज एक गोळी, आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. "मला काही होत नाही, मग हे कशाला?" हा त्यांचा दर सहा महिन्यांनी ठरलेला प्रश्न. त्याचं सगळ्यांत पटणारं उत्तर मला उंदरांकडूनच मिळालं.

बाईंनी आपल्याला नववीत यकृत शिकवलं तेव्हा फळ्यावर पहिलं वाक्य लिहिलं होतं, की ही शरीरातली सर्वांत मोठी ग्रंथी. माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं, उंदराचं दीड ग्रॅमचं. हजारपट फरक. पण पेशी पाहिल्या तर सराईत माणसालाही क्षणभर थांबावं लागेल इतक्या सारख्या. आणि खोड एकच: हा अवयव कुरकुरत नाही. बराचसा निकामी होईपर्यंत काम करत राहतो, कापला तर पुन्हा वाढतो. म्हणूनच त्याचा कॅन्सर उशिरा सापडतो. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात या आजाराने सुमारे ८ लाख ३० हजार माणसं गेली. कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमध्ये याचा क्रमांक तिसरा. कारणं आपल्या ओळखीची आहेत: हिपॅटायटिस बी आणि सी, दारू, मधुमेह-लठ्ठपणाबरोबर यकृतात साचणारी चरबी, आणि बुरशी आलेल्या मक्यातलं किंवा शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन. कडू, काळपट शेंगदाणा आजी निवडून फेकायची, ते तिचं बरोबरच होतं.

अडचण अशी की माणसात विषाणू शिरल्यापासून गाठ येईपर्यंत वीस-तीस वर्षं जातात. एवढा काळ आत काय चाललं होतं ते पाहणार कसं? उंदराचं सगळं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. म्हणून त्याच्यात तो आजार घडवून पाहायचा. पूर्वी त्यासाठी पिल्लांना रसायन टोचत. गाठी यायच्या, पण रसायन पेशीत कुठे काय मोडेल याचा नेम नसायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर कोडमध्ये कुठेही हातोडा मारायचा आणि मग काय बंद पडलं ते शोधत बसायचं.

हातोडा ठेवून नेमकी एक ओळ बदलायची सोय हळूहळू झाली. १९७४ मध्ये रुडॉल्फ येनिश आणि बिआट्रिस मिन्ट्झ यांनी एका विषाणूचा डीएनए उंदराच्या भ्रूणात घातला. १९८० मध्ये जॉन गॉर्डन आणि फ्रँक रडल यांनी नुकत्याच फळलेल्या अंड्यात काचेच्या केसाएवढ्या सुईने जनुक टोचायची रीत दाखवली. ते अंडं दुसऱ्या मादीत वाढवायचं. पिल्लाच्या प्रत्येक पेशीत ते जनुक येतं आणि पुढच्या पिढीतही उतरतं. १९८२ मध्ये रिचर्ड पामिटर आणि राल्फ ब्रिन्स्टर यांनी अशा रीतीने वाढीच्या संप्रेरकाचं जनुक घातलेला मोठाड उंदीर तयार केला, तेव्हा त्याचा फोटो जगभर गाजला.

यात एक खुबी आहे, ती कळली की बाकीचं सोपं. प्रत्येक जनुकाच्या आधी डीएनएचा एक तुकडा असतो. हे जनुक कुठल्या अवयवात चालू करायचं ते तो ठरवतो. अल्ब्युमिन हे प्रथिन फक्त यकृत बनवतं. मग अल्ब्युमिनचा तो पुढचा तुकडा कापून आपल्याला हव्या त्या जनुकाच्या पुढे जोडला, की ते जनुक उंदराच्या सगळ्या पेशींत असलं तरी चालतं फक्त यकृतात. पाकिटातली चिठ्ठी बदलली, पत्ता तोच ठेवला.

कॅलिफोर्नियातल्या ला होयाच्या स्क्रिप्स संस्थेत फ्रान्सिस किसारी यांनी याच तंत्राने हिपॅटायटिस बीचे तुकडे उंदरात घातले. त्यांचा पहिला निबंध १९८५ चा. काही उंदरांच्या रक्तात विषाणूचं आवरण-प्रथिन भरपूर सापडलं, पण यकृत ठणठणीत! कारण ते प्रथिन त्या पिल्लाच्या स्वतःच्या जनुकातून जन्मापासून बनत होतं. त्याच्या प्रतिकारशक्तीला ते परकं वाटलंच नाही, म्हणून तिने हल्ला केला नाही. म्हणजे विषाणूच्या प्रथिनाची नुसती हजेरी यकृत मारत नाही. आपल्याकडे 'वाहक' म्हणून सांगितलेली माणसं वर्षानुवर्षं ठणठणीत का दिसतात, त्याचा एक धागा इथे आहे.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. त्यांच्याच दुसऱ्या एका वंशातल्या उंदरांत त्या आवरणाचं मोठं प्रथिन इतकं जास्त बनत होतं, की ते पेशीबाहेर पडू शकत नव्हतं. पेशी फुगल्या, मेल्या, त्यांच्या जागी नव्या आल्या, त्याही मेल्या. महिनोन् महिने ही मोड आणि डागडुजी चालली आणि शेवटी कॅन्सर झाला. हे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे १९९८ मध्ये याच गटाने आणखी एक धाडसी प्रयोग केला. विषाणू-जनुकाच्या ठणठणीत उंदरांची स्वतःची प्रतिकारशक्ती काढून टाकली आणि ज्यांना ते प्रथिन परकं वाटतं अशा साध्या उंदरांच्या पेशी त्यांच्यात घातल्या. त्या पेशींनी यकृतावर हल्ला सुरू केला. हल्ला सौम्यच होता, पण संपेना. आणि त्या उंदरांना कॅन्सर झाला. वेगळं विष दिलेलं नव्हतं, कॅन्सरचं वेगळं जनुक घातलेलं नव्हतं. अनेक महिने चाललेला धुमसता दाह आणि दुरुस्ती एवढंच पुरलं.

वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते शेतकऱ्याच्या भाषेत म्हणाले, "म्हणजे बांध रोज थोडा फुटतोय आणि रोज लिंपतोय, आणि एक दिवस लिंपणारा चुकतो." यापेक्षा नेमकं मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. पेशी दुभंगते तेव्हा तिला आपला सगळा डीएनए उतरवून काढावा लागतो. दुरुस्तीची पाळी जितकी जास्त, तितक्या नकला जास्त आणि तितक्या नकलेतल्या चुका जास्त. रोजची गोळी विषाणूला दाबून ठेवते म्हणजे बांध फुटणं कमी करते. धोका शून्य होत नाही, म्हणून सोनोग्राफी. त्यानंतर ते कुरकुरतात, पण तारीख चुकवत नाहीत.

आता माझा सर्वांत आवडता उंदीर. स्टॅनफर्डमध्ये डीन फेल्शर यांच्या गटाने २००४ मध्ये तो दाखवला. 'मिक' नावाचं जनुक पेशींना वाढायला लावतं आणि माणसाच्या यकृताच्या अनेक गाठींत ते अतोनात चालू असतं. या गटाने उंदराच्या यकृतात मिकला बटण बसवलं. उंदराला पाण्यातून डॉक्सिसायक्लिन, म्हणजे आपल्या औषधाच्या दुकानात मिळणारं साधं अँटिबायोटिक, दिलं की मिक बंद. ते पाणी काढून घेतलं की मिक चालू. आम्ही प्रोग्रॅममध्ये एखादी नवी सोय अशीच बटणामागे ठेवतो; बिघडलं तर पूर्ण प्रोग्रॅम न हलवता बंद करता येते.

मिक चालू ठेवलं, यकृतात कॅन्सर झाला. मग बटण बंद केलं. गाठी वितळल्या! कॅन्सरच्या पेशी पुन्हा यकृताच्या साध्या पेशींसारख्या दिसू लागल्या, काही तर पित्तनलिकेच्या पेशींसारख्या झाल्या. 'उंदरांमध्ये कर्करोग बरा' असा मथळा द्यायला ही जागा अगदी योग्य होती. पण त्यांनी बटण पुन्हा चालू करून पाहिलं, आणि त्या साध्या दिसणाऱ्या पेशींतल्या काही लगेच कॅन्सरकडे वळल्या. त्या मेल्या नव्हत्या. शहाण्यासारख्या बसल्या होत्या. आमच्या प्रोग्रॅमने तो मधला काप मोजला असता तर गाठ शून्य टक्के असंच लिहिलं असतं, आणि मोजणी बरोबरच असती.

म्हणून मैत्रिणीला मी नंतर म्हटलं, उंदीर बरा झाला असं कुणी लिहिलं की पहिल्यांदा विचारायचं, किती दिवस पाहिला? औषध थांबवल्यावर पाहिला का?

यानंतरचा इतिहास पटपट सांगते, कारण चहा गार होतोय. जनुक घालता येत होतं, तसं ते ठरलेल्या जागी मोडताही येऊ लागलं. त्याबद्दल कॅपेकी, इव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७ चं नोबेल मिळालं. मग फक्त यकृतात, फक्त मोठेपणी जनुक मोडायच्या युक्त्या आल्या. १९९९ मध्ये एक वरवर अडाणी वाटणारी रीत निघाली. वीस ग्रॅमच्या उंदराच्या शेपटीच्या शिरेत सुमारे दोन मिलिलिटर द्रावण पाच-सात सेकंदांत भरायचं. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला काही सेकंदांत पाच लिटर. तो लोंढा उलटा यकृतात तुंबतो आणि त्यातला डीएनए पेशींत शिरतो. पिढ्या वाढवत बसायची गरज उरली नाही. २०१४ मध्ये एमआयटीतल्या गटाने याच वाटेने क्रिस्परची कात्री यकृतात पाठवली, पी-५३ आणि पीटेन ही कॅन्सर रोखणारी दोन जनुकं थेट तिथेच कापली आणि काही महिन्यांत गाठी आलेल्या दाखवल्या. पूर्वी ज्याला दोन-तीन वर्षं लागत ते काम आता एखाद्या सत्रात होतं.

जितकं सोपं झालं, तितके मथळे वाढले. हे माझं मत.

आता या उंदराला काय सांगता येत नाही, ते. हिपॅटायटिस बीचा विषाणू साध्या उंदराच्या यकृतात शिरतच नाही. माणसाच्या पेशीवरचं ते दार बीजिंगच्या शास्त्रज्ञांना २०१२ मध्ये सापडलं. उंदराकडेही तसंच दार आहे, पण कुलूप थोडं वेगळं. माणसात यकृताचे दहापैकी आठ-नऊ कॅन्सर आधीच सिरॉसिस झालेल्या, म्हणजे व्रणांनी गाठाळलेल्या यकृतात होतात. जनुक बदललेल्या बहुतेक उंदरांचं उरलेलं यकृत मात्र मऊ, निरोगी असतं. हे मी वाचून सांगत नाही, रोज पाहते. उंदरांच्या कापांवर तयार केलेला आमचा प्रोग्रॅम माणसाच्या कापावर लावला की गोंधळतो. व्रणाच्या पट्ट्यांना गाठीची कड समजतो. उंदरांचे बारा काप शेजारी ठेवले तर एकाच साच्यातले वाटतात, आणि ते असतातच: भाऊ-बहिणींचा संकर पिढ्यान् पिढ्या करून एकसारखा केलेला वंश, एकच खाद्य, बारा तास उजेड, बारा तास अंधार. माणसांचे बारा काप म्हणजे बारा वेगळी आयुष्यं. कुणाची दारू, कुणाची साखर, कुणाचा विषाणू, कुणाचं तिन्ही.

आणि उंदीर कुठला, यावर उत्तर पालटतं. प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढणारी नवी औषधं आली आहेत, यकृताच्या कॅन्सरमध्येही वापरतात. २०२१ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने ती वेगळ्या उंदरांवर पाहिली. त्या उंदरांना विशिष्ट चरबीचा आहार देऊन यकृतात चरबी आणि दाह निर्माण केला होता. तिथे त्यातल्या एका औषधाने गाठी आटल्या नाहीत. आधीपासून दिलं तर उलट वाढल्या. त्यानंतर त्यांनी माणसांवरच्या चाचण्यांचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा विषाणूमुळे कॅन्सर झालेल्यांना या औषधांचा फायदा जास्त, बाकीच्यांना कमी, असा कल दिसला. यावर वाद चालू आहे. पण 'कशामुळे झाला' हा प्रश्न उपचाराच्या खोलीत आणला, तो त्या लठ्ठ उंदराने.

मैत्रिणीने हाच प्रश्न तिच्या डॉक्टरांना विचारला. यांना कशामुळे झाला, आणि हे औषध तशा रुग्णांवर पाहिलंय का? डॉक्टरांनी खुर्ची पुढे घेतली आणि वीस मिनिटं बोलले. आजार तोच आहे, मथळ्यातलं औषध अजून आलेलं नाही, उपचार चालू आहेत. पण ती म्हणाली, त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की आम्ही काय घेतोय.

मागून कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे: "बिचाऱ्या उंदरांचं काय?" अक्षर बाईंचं दिसतंय. बाई, मी एकदाच प्राणिगृहात गेले आहे. बूट बदलून, गाऊन घालून, दोन दारं ओलांडून. पिंजऱ्यात कागदाचे कपटे ठेवतात. ते कुरतडून उंदीर गोल घरटं करतात आणि दिवसभर त्यात झोपतात. आपल्याकडे प्रत्येक प्रयोगासाठी संस्थेच्या नीती समितीची परवानगी लागते. किती प्राणी, का, कमीत चालणार नाही का, वेदना कशी कमी करणार, हे लिहून द्यावं लागतं. तरी ते मरतात. स्लाइडवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. आमची मोजणी जितकी अचूक, तितके कमी उंदीर लागतात, हा माझ्या कामाचा मला सर्वांत पटणारा भाग आहे. याहून मोठं उत्तर माझ्याकडे नाही.

शेवटचं, उंदराशिवायचं. तैवानने १९८४ पासून बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांत यकृताच्या कॅन्सरचं प्रमाण दर दहा लाखांत ७ होतं, ते १९९०-९४ पर्यंत ३.६ वर आलं. आपल्याकडे सरकारी लसीकरणात ही लस २००२ पासून काही भागांत आणि २०११ पासून देशभर आली. आपल्या मुलांपैकी बहुतेकांना मिळाली असेल. आपण जन्मलो १९८०-८१ मध्ये. आपल्यापैकी कुणालाही बाळपणी ती मिळालेली नाही, आणि आपल्या सर-बाईंना तर नाहीच. वडिलांना रक्तदानामुळे कळलं. ते गेले नसते तर कळलंच नसतं.

आपल्या वर्गातल्या डॉक्टर मंडळींशी बोलून ठेवलं आहे. तपासणी उद्या सकाळी साडेआठपासून, जुन्या प्रयोगशाळेत. थोडंसं रक्त, पैसे नाहीत, आणि उपाशीपोटी यायची गरज नाही. अहवाल ज्याचा त्याच्या हातात, ग्रुपवर नाही.